पानावरची रेषा आणि पानातली अळी

वाचकाचे पत्र : आमच्याकडे कुंड्यांमध्ये टोमॅटो, चवळी, पालक, झेंडू आणि लिंबाचे एक लहान झाड आहे. गेल्या महिन्याभरात जवळजवळ सगळ्याच झाडांच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा उमटल्या आहेत. कोणी म्हणते हा विषाणूचा रोग आहे, कोणी म्हणते नागअळी आहे. घरात पडून असलेले एक कीटकनाशक दर आठ दिवसांनी असे तीन वेळा फवारून पाहिले, पण जुन्या रेषा गेल्या नाहीत आणि नव्या वाढतच आहेत. रेषा असलेली सगळी पाने खुडायची म्हटली तर टोमॅटोवर पानच उरणार नाही. गंमत म्हणजे पानावर किडा मात्र कुठेच दिसत नाही. आता कोणते औषध फवारावे, झाडे उपटून टाकावीत का, आणि पालक खाण्याजोगा राहिला आहे का, हे कृपया कळवावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य ‘पानावर किडा कुठेच दिसत नाही’ हे आहे. किडा दिसत नाही, कारण तो पानावर नसून पानात असतो. आणि पुष्कळदा तो पानातही नसतो, कारण आपले लक्ष जाईपर्यंत तो आपले खाणे उरकून निघून गेलेला असतो. त्यामुळे कोणतेही औषध हाती घेण्यापूर्वी एवढेच करावे, की सकाळच्या कोवळ्या उन्हात टोमॅटोचे किंवा चवळीचे रेषा असलेले एक पान झाडावरून न तोडता हळूच वाकवून उजेडासमोर धरावे आणि साधे भिंग असेल तर ते डोळ्याशी घ्यावे.

रेषेचे एक टोक दोऱ्याइतके बारीक असते. अंडे तिथे होते. तिथून ही रेषा वळणे घेत, कधी स्वतःलाच ओलांडत, हळूहळू रुंद होत जाते, कारण आतली अळी खात खात वाढत असते आणि तिचे भुयार तिच्या अंगाएवढेच रुंद असते. आता रुंद टोक पाहावे. अळी जिवंत असेल तर तिथे दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, पिवळसर, अर्धपारदर्शक, पाय नसलेला आणि डोके आहे की नाही असा प्रश्न पडावा असा एक जीव दिसतो. त्याच्या पुढच्या टोकाला तोंडातील दोन काळे आकडे असतात, आणि पानाचा हिरवा गर खरवडत ते एका लयीत इकडून तिकडे फिरत असतात. दोन-तीन मिनिटे धीर धरून पाहिले तर रेषा आपल्या डोळ्यांदेखत पुढे सरकते. आणि रुंद टोकाला काहीच दिसले नाही, उलट पानाच्या पापुद्र्याला अर्धगोलाकार बारीक चीर आढळली, तर अळी त्या चिरेतून बाहेर पडून गेली आहे असे समजावे. असे पान खुडून, जाळून किंवा त्यावर फवारून त्या अळीचे आता काहीही बिघडत नाही.

विषाणूच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. विषाणूमुळे पानावर ठिपके, चट्टे, पिवळी नक्षी किंवा शिरांच्या बाजूने फिकटपणा येतो. पण एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद आणि आतून पोकळ अशी वाट फक्त कोणीतरी चालत गेल्यावरच तयार होते. नखाने वरचा पापुद्रा अलगद उचलला तर तो सुटून येतो आणि त्याखाली काळ्या विष्ठेचे ठिपके किंवा धागे दिसतात. आपल्याकडे ‘नागअळी’ सांगणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, मात्र नागअळी या एकाच नावाखाली आपण अनेक वेगवेगळे कीटक मोजत असतो आणि आपल्या बागेत त्यातले किमान दोन तरी आहेत, असा माझा अंदाज आहे.

टोमॅटो, चवळी आणि झेंडू या तिन्हींवर दिसणारी नागमोडी रेषा बहुधा एकाच माशीची असावी. अ‍ॅग्रोमायझिडी या माश्यांच्या कुळात सुमारे तीन हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक जाती एखाद्याच वनस्पतीवर किंवा एकाच वनस्पतिकुळावर जगतात. वेगवेगळ्या कुळांतील कित्येक झाडांवर ताव मारणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत. मात्र बागेत आणि शेतात त्रास देणाऱ्या नेमक्या त्याच असतात. त्यांतली लिरिओमायझा ट्रायफोली ही मूळची अमेरिका खंडातली माशी विशेषतः १९७० च्या दशकापासून शेवंतीच्या कलमांबरोबर देशोदेशी पोहोचली. कलमांच्या पानांत अंडी होती आणि ती कोणाला दिसली नाहीत, एवढीच तिच्या प्रवासाची कथा आहे. नव्या रोपांबरोबर ही कीड घरी येते ती आजही याच वाटेने, म्हणून विकत आणलेले रोप आठवडा-दहा दिवस इतर कुंड्यांपासून दूर ठेवण्याची सवय मी सर्वांना सुचवीत असतो.

ही माशी इतकी लहान असते की बहुतेकांनी ती पाहूनही तिची दखल घेतलेली नसते. दीड-दोन मिलिमीटरचे काळे-पिवळे शरीर, पाठीवर पिवळा ठिपका, आणि पानावर थांबत थांबत चालण्याची पद्धत. मादी आपल्या शरीराच्या मागील टोकाकडील अणकुचीदार नळीने पानाला भोके पाडते, मग वळून त्या भोकातून पाझरणारा रस पिते. काही थोड्याच भोकांत ती अंडे ठेवते, उरलेली सारी केवळ तिच्या खाण्यासाठी असतात. नराकडे असे हत्यार नसल्यामुळे त्याला स्वतःला पान टोचता येत नाही आणि तो मादीने पाडलेल्या भोकांवर गुजराण करतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की रेषा उमटण्याच्या दोन ते पाच दिवस आधी पानाच्या वरच्या बाजूला हे सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके दिसू लागतात. पुढच्या आठवड्यात रेषा येणार की नाही हे ठिपके सांगतात. रेषा मात्र मागच्या आठवड्याचे सांगते.

अंड्यातून निघालेली अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधला मऊ गर तेवढा खाते आणि दोन्ही पापुद्रे शाबूत ठेवते. त्या दोन पडद्यांआड तिला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि मुंगी किंवा पक्षी यांची फारशी भीती उरत नाही. ती कुशीवर पडून खाते आणि अधूनमधून कूस बदलते, म्हणून तिच्या विष्ठेचे काळे धागे भुयाराच्या कधी डाव्या तर कधी उजव्या कडेला पडलेले दिसतात. हवा उबदार असेल तर चार ते सात दिवसांत तीन टप्पे ओलांडून तिचे खाणे संपते आणि आपल्याला दिसणाऱ्या रेषेचा बहुतेक रुंद भाग शेवटच्या टप्प्यातच खाल्लेला असतो. मग ती पापुद्र्याला चीर पाडते, बहुधा सकाळच्या पहिल्या काही तासांत बाहेर येते, खाली मातीवर टपकते आणि मातीच्या वरच्या थरात किंवा गळलेल्या पाल्याखाली सोनेरी-तपकिरी, तांदळाच्या कणीसारखा कोष करते. कोषातून माशी निघायला साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. बाहेर पडताना ती डोक्यावरची एक पिशवी फुगवून कोषाचे टोक ढकलून उघडते, आणि ही पिशवी नंतर तिच्या डोक्यात कायमची आत जाते.

आता आपल्या तीन फवारण्यांचा हिशेब या दिनक्रमावर मांडून पाहावा. ज्या दिवशी आपण फवारले, त्या दिवशी अंडी पानाच्या आत होती, अळ्याही पानाच्या आत होत्या आणि कोष मातीत होते. उघड्यावर होत्या त्या फक्त माश्या, आणि त्यांतल्याही ज्या त्या वेळी पानावर बसलेल्या होत्या तेवढ्याच. आठ दिवसांनी मातीतून नव्या माश्या आल्या. पानाच्या पृष्ठभागावर राहणारे स्पर्शजन्य औषध भुयारात पोहोचत नाही, आणि शिवाय या माश्यांच्या कित्येक वाणांनी पिढ्यान्‌पिढ्या फवारण्या सोसून अनेक कीटकनाशके पचवण्याची क्षमता मिळवलेली असते. येथवर नुकसान केवळ औषधाचे झाले असे म्हणता आले असते. पण त्या दिवशी पानाच्या पृष्ठभागावर आणखी कोणीतरी फिरत होते, आणि खरा फटका त्यांना बसला.

नागअळीच्या मागावर असलेल्या परोपजीवी गांधीलमाश्या इतक्या चिमुकल्या असतात की त्यांना गांधीलमाशी म्हणताना संकोच वाटावा. त्या एक ते तीन मिलिमीटरच्या असतात, काही हिरव्या-काळ्या धातूसारख्या चकाकतात आणि माणसाला त्या डसत नाहीत. त्यांपैकी डायग्लिफस इसिया हिचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. ती रेषेवरून मिशांनी चाचपडत चालते, अळी सापडली की पापुद्र्यातून नांगी खुपसून तिला लुळी करते आणि तिच्या शेजारी भुयारातच आपले अंडे ठेवते. त्या अंड्यातून निघालेले पिल्लू लुळी पडलेली नागअळी खाऊन मोठे होते, आणि कोषात जाण्यापूर्वी स्वतःच्या विष्ठेचे बारीक खांब उभारून भुयाराचे छत तोलून धरते, म्हणजे पान सुकताना ते छत त्याच्या अंगावर बसत नाही. उजेडासमोर धरलेल्या पानात हे खांब काळ्या ठिपक्यांच्या जोड्यांसारखे दिसतात. ते दिसले तर ते पान खुडू नये. दुसऱ्या काही जाती अळीच्या पोटातच अंडे घालतात, अळीला कोषापर्यंत जाऊ देतात आणि मग त्या कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते.

पानावर चालत फिरणाऱ्या या मित्रकीटकांना फवारलेल्या औषधाची पूर्ण मात्रा मिळते आणि पानाच्या आत बसलेल्या अळीला जवळजवळ काहीच मिळत नाही. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोमॅटोवर मिथोमिल हे कीटकनाशक फवारल्यानंतर नागअळीचा उद्रेक झाल्याचे नोंदले गेले, आणि त्याचे कारण हेच होते. मला हे पुस्तकातून कळण्याआधी घेवड्याच्या चार कुंड्यांतून कळले. काही वर्षांपूर्वी पंधरा-वीस रेषा पाहून मी असाच घाईने फवारा मारला होता, तीन आठवड्यांनी रेषा मोजण्यापलीकडे गेल्या, आणि ज्या एका कुंडीपर्यंत पंपाची नळी पोहोचली नव्हती तिच्यावर मात्र पूर्वीइतक्याच राहिल्या. तेव्हा ‘कोणते औषध फवारावे’ या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे आहे, की जे फवारत आहात ते प्रथम थांबवावे.

थांबवल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रेषा वाढताना दिसतील आणि हात शिवशिवतील, हे आधीच सांगून ठेवतो. या काळात मन शांत ठेवण्याचा उपाय म्हणजे रेषा न मोजता अळ्या मोजणे. टोमॅटोच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या दहा पानांच्या देठांना रंगीत दोरा बांधावा, दर तीन दिवसांनी ती उजेडासमोर धरावीत, आणि किती रेषांच्या टोकाशी हलणारी अळी आहे, किती रिकाम्या आहेत आणि किती रेषा मध्येच थांबून त्यात तपकिरी, मलूल अळी मरून पडली आहे, हे लिहून ठेवावे. जुनी रेषा कधीच हिरवी होत नाही. ती पान गळेपर्यंत व्रणासारखी राहते. म्हणून नुसत्या रेषा पाहणाऱ्याला कीड सतत वाढतच चालल्याचा भास होतो, प्रत्यक्षात जिवंत अळ्या घटत असल्या तरीही. अर्धवट थांबलेल्या आखूड रेषा वाढू लागल्या, की गांधीलमाश्या परत आल्या असे समजावे.

दरम्यान जिवंत अळी सापडली तर तिला मारण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आपला अंगठा आहे. रेषेचे रुंद टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबावे. पान जागेवर राहते, त्याचा उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देत राहतो, आणि पाच-सात कुंड्यांच्या बागेत हे काम सकाळच्या चहाच्या वेळात उरकते. एकाच पानात पाच-सहा अळ्या असतील तरच ते पान खुडावे. खुडलेले पान कुंडीतच टाकू नये किंवा खताच्या उघड्या ढिगावर फेकू नये, कारण पान सुकण्यापूर्वी मोठी अळी त्यातून निघून मातीत जाऊ शकते. ते बंद पिशवीत घालून काही दिवस उन्हात ठेवावे. सरसकट सगळी पाने खुडण्याची कल्पना मात्र मनातून काढून टाकावी. टोमॅटोची खालची पाने एरवीही वय झाल्यावर पिवळी पडतात, आणि वाढलेल्या झाडाची थोडीबहुत पाने पोखरली गेली तरी फळांवर फारसा परिणाम होत नाही. झाडे उपटण्याचा तर प्रश्नच नाही.

लहान रोपांची गोष्ट निराळी आहे. ज्या रोपाला दोन दलपत्रे (बीजातूनच उघडणारी पहिली पाने) आणि दोन खरी पाने एवढाच संसार आहे, त्याच्या एका पानातली अळी म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्श्याची लूट असते. नवी रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत. मात्र ज्या मातीत यापूर्वी नागअळीग्रस्त झाड होते तीच माती वापरून वर जाळी बांधण्याची चूक करू नये, कारण मातीतल्या कोषांतून निघालेल्या माश्या मग जाळीच्या आतच कोंडल्या जातात आणि त्यांचे शत्रू तेवढे बाहेर राहतात. जुन्या कुंडीचा वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर काढून तो पिशवीत बंद करून बाजूला ठेवावा किंवा माती सर्वस्वी बदलावी.

मातीत जाणारी अळी वाटेत अडवणे हा आणखी एक सोपा मार्ग आहे. टोमॅटोखाली, खोडाला लागून, पांढरा कागद किंवा उथळ ताट रात्रीच ठेवून द्यावे आणि सकाळी दहाच्या सुमारास पाहावे. त्यात पिवळ्या अळ्या किंवा नुकतेच झालेले कोष टपकलेले आढळतील. ते गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. याचा खरा फायदा असा, की किती अळ्या खरोखरच पानातून सुखरूप बाहेर पडत आहेत याचा आकडा रोज ताटात मिळतो, आणि तो पानांवरच्या रेषांपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह असतो. शेवंती आणि वाटाणा यांच्यावर येणाऱ्या काही माश्या मात्र पानाबाहेर पडतच नाहीत, भुयाराच्या टोकाशी पानातच कोष करतात, आणि तिथे बोटाला बारीक उंचवटा लागतो. त्यांच्यासाठी ताटाचा उपयोग नाही, तो उंचवटाच दाबावा लागतो.

पिवळ्या चिकट सापळ्यांबद्दल आपण विचारले नाही, पण कोणीतरी आपल्याला ते सुचवीलच. माश्या पिवळ्या रंगाकडे येतात हे खरे, म्हणून त्या आल्या आहेत की नाही हे कळण्यासाठी एखादा सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावा. मात्र बाग पिवळ्या पट्ट्यांनी भरून टाकू नये, कारण त्यावर गांधीलमाश्याही चिकटतात. नत्रयुक्त खत भरपूर घालत असाल तर ते कमी करावे. नत्राने माजलेली, लुसलुशीत पाने नागअळीला अधिक मानवतात.

याउपर काही फवारायचेच असेल, तर अझाडिरॅक्टिन असलेले कडुनिंबाचे औषध सायंकाळी, वेष्टनावरील प्रमाणानेच वापरावे. ते थोडेफार पानात शिरते आणि अळीची कात टाकण्याची व कोषात जाण्याची क्रिया बिघडवते. फवारल्यावरही रेषा काही दिवस लांबतच जाते आणि माणूस औषध निकामी ठरवून दुसरे आणतो, म्हणून परिणाम रेषेवर न पाहता पुढच्या पंधरवड्यात नव्या पानांवर किती ठिपके पडतात यावर पाहावा. पानाच्या आत झिरपणारी स्पिनोसॅड किंवा अ‍ॅबामेक्टिन यांसारखी औषधे आहेत आणि ती अळीपर्यंत पोहोचतात, पण पाच-सात कुंड्यांच्या बागेसाठी, विशेषतः झेंडू फुलावर असताना आणि मधमाश्या येत असताना, मी ती सुचवणार नाही.

आता पालकाबद्दल. पालकाच्या पानांवर बारीक रेषांऐवजी मोठे, फुगलेले, पातळ कागदासारखे चट्टे असतील आणि एकाच चट्ट्यात अनेक अळ्या असतील, तर ती वेगळ्याच कुळातली, पालक आणि बीट यांच्यावर जगणारी पेगोमिया माशी असू शकते. ती अंडी पानाच्या खालच्या बाजूला, पृष्ठभागावरच, पांढऱ्या बारीक कणांच्या नीट ओळींत घालते, आणि ती बोटाने पुसून काढता येतात; एवढा सोपा उपाय दुसऱ्या कोणत्याही नागअळीवर नाही. खाण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अळीवर अवलंबून नाही. पोखरलेला भाग कापून, धुऊन घेतलेले पान खाण्यात काही धोका नसतो. पण त्याच पालकावर आपण तीन वेळा एक कीटकनाशक फवारले आहे. ते भाजीपाल्यावर वापरण्याचे आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर हा पालक खाऊ नये. लिहिलेले असेल, तर शेवटच्या फवारणीनंतर काढणीसाठी जितके दिवस थांबण्यास सांगितले आहे तितके थांबावे. हीच गोष्ट टोमॅटो आणि चवळीच्या शेंगांनाही लागू आहे. वेष्टन हरवले असेल तर शंकेचा फायदा आपल्या पोटाला द्यावा.

लिंबाचे झाड मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्याच्यावरची रेषा माशीची नाहीच. ती फायलोक्निस्टिस सिट्रेला या अतिशय लहान, चंदेरी पतंगाच्या अळीची आहे. तिचे भुयार चांदीच्या वर्खासारखे चकाकते आणि त्याच्या मधोमध विष्ठेची एकच सलग काळसर रेघ असते, तर टोमॅटोवरच्या माशीची रेघ या कडेवरून त्या कडेला जाते. दोन्ही पाने शेजारी धरून पाहिली तर हा फरक पुन्हा विसरत नाही. ही अळी मातीत उतरत नाही. ती पानाच्या कडेशी येते, रेशमाने कड आत दुमडते आणि त्या घडीत कोष करते, म्हणूनच लिंबाची कोवळी पाने चुरगळल्यासारखी वळलेली दिसतात. तिला फक्त कोवळी पालवी चालते. पान जून आणि कडक झाले की त्याला ती हात लावत नाही. म्हणून वळलेली पालवी पुन्हा पुन्हा छाटू नये, कारण प्रत्येक छाटणीबरोबर नवी कोवळी पालवी फुटते आणि पतंगाला नवे ताट वाढले जाते. मोठ्या झाडाला याचे काही वाटत नाही. आपले झाड लहान असल्यामुळे दुमडलेल्या कडा बोटाने चेपून टाकाव्यात एवढे पुरेसे आहे. टोमॅटोवर कधी नागमोडी रेषेऐवजी मोठे चट्टे, आत काळसर डोके आणि पाय असलेली हिरवट अळी आणि फळाला भोके दिसली, तर तीही पतंगाची अळी असते, टुटा अ‍ॅब्सोल्युटा नावाच्या. ती पान सोडून फळात शिरते, आणि तेव्हा वर सांगितलेला धीर धरू नये, असे पान आणि फळ लगेच काढून बंद पिशवीत टाकावे.

रेषा वाचणारे आपण एकटे नाही, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. गांधीलमाश्या रेषेच्या मागावर अळी शोधतात, आणि काही पतंग रेषा असलेले पान टाळत असावेत असे दिसते. इक्वाडोरमध्ये कॅलेडियम या रंगीत पानांच्या झाडाच्या एका जातीवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या हिरव्या पानांपेक्षा पांढरे पट्टे असलेल्या पानांवर पान पोखरणाऱ्या पतंगांचा उपद्रव खूप कमी आढळला, आणि हिरव्या पानांवर पांढऱ्या रंगाने तसेच पट्टे काढल्यावर त्यांच्यावरही तो कमी झाला. पान आधीच कोणीतरी पोखरले आहे असे त्या मादीला वाटत असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या टोमॅटोला मात्र रंग देत बसू नये.

शेवटी एक लहानसा प्रयोग सुचवतो, कारण तो केल्यावर आपल्याला माझा सल्ला मानायचा की नाही हे स्वतःच ठरवता येईल. फवारणी थांबवल्यानंतर तीन आठवड्यांनी, टोमॅटो आणि चवळीची जिवंत किंवा मेलेल्या अळ्या असलेली आठ-दहा पाने एका काचेच्या बाटलीत घालावीत, तळाशी कोरडा कागद ठेवावा, तोंडाला बारीक कापड बांधावे आणि बाटली सावलीत ठेवावी. दोन ते तीन आठवड्यांत तिच्यात जे काही उडू लागेल ते भिंगाखाली पाहावे. आखूड मिशांच्या, पिवळ्या-काळ्या माश्या अधिक निघाल्या तर अंगठा आणि ताट यांचे काम आणखी काही आठवडे चालू ठेवावे लागेल. लांब मिशांचे, काळे किंवा हिरवट चकाकणारे, बारीक कंबरेचे कीटक अधिक निघाले, तर बाटली काही तास थंड जागी ठेवून सगळेच सुस्त झाल्यावर माश्या तेवढ्या बाजूला काढाव्यात आणि बाटलीचे तोंड टोमॅटोच्या कुंडीपाशी उघडून ठेवावे.